दोन फेऱ्यांना एक फेरी

वाचकहो, मोटार चालविणाऱ्याला तिच्या पोटातील सगळ्या भागांची नावे ठाऊक असतातच असे नाही, आणि ती असलीच पाहिजेत असेही नाही. आपल्या पोटातले आतडे किती हात लांब आहे हे ठाऊक नसताना आपण दोन वेळा जेवतोच की! पण एखादे दिवशी पोट दुखू लागते, आणि मग वैद्याने उच्चारलेले दुखण्याचे नाव जन्मभर लक्षात राहते. माझे तसेच झाले. ‘टायमिंग’ हा शब्द मी पुस्तकात शिकलो नाही. खंबाटकीच्या घाटात शिकलो.

१९९६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. गाडी लहान, आत आम्ही नवराबायको, दोन मुले आणि मुलांची आजी. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. आठच दिवसांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजात इंजिनाचा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, बदलून घेतला होता. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली होती. घाट लागला आणि तिचा दम गेला. तिसऱ्या गिअरचा दुसरा केला, दुसऱ्याचा पहिला केला, तरी ती बैलगाडीच्या चालीने कण्हत चढू लागली. मागच्या मालमोटारी भोंगे वाजवीत पुढे गेल्या. शेवटी मागून आजींचा आवाज आला, ‘‘आम्ही उतरून चालत येऊ का रे? ती आमच्यामागून येईल सावकाश.’’

कसाबसा घाट ओलांडला. उतार संपल्यावर रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली एक मिस्त्री काम करीत होते, तिथे गाडी उभी केली. वय साठीच्या घरात. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन सुरू ठेवायला सांगितले, मान कलती करून क्षणभर ऐकले आणि विचारले, ‘‘बेल्ट कवा बदललाय?’’

‘‘आठ दिवस झाले.’’

‘‘एक दाता चुकलाय, सायेब.’’

एक दाता! रबराच्या पट्ट्याला शंभराच्या घरात दाते असतात. त्यातला एक इकडचा तिकडे झाला, तर पाच माणसांची गाडी घाटात हतबल व्हावी, हे मला त्या वेळी खरे वाटेना. मिस्त्रींनी पुढे काय केले ते शेवटी सांगेन. पण त्या एका दात्याची किंमत कळायला आपल्याला जरा मागे, सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जायला हवे.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या इंजिनाचा मूळपुरुष १८७६ साली जर्मनीत, कोलोनजवळच्या डॉयट्झ गावी जन्मला. त्याचा कर्ता निकोलाउस ऑटो. त्याच्या इंजिनाचे काम चार हिश्शांत चाले. नळकांड्यातला दट्ट्या खाली येताना हवा व इंधन आत ओढतो. वर जाताना ते दाबतो. मग ठिणगी, स्फोट, आणि दट्ट्या जोराने खाली. आणि पुन्हा वर जाताना जळका धूर बाहेर. दट्ट्याच्या दोन वेळा खाली आणि दोन वेळा वर जाण्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे खालची मुख्य दांडी, दोन फेऱ्या मारते. पण या दोन फेऱ्यांत हवा आत घेणारी झडप उघडायची असते एकदाच, आणि धूर सोडणारी झडपही एकदाच. म्हणजे झडपा उघडणारी जी दुसरी दांडी, ती मुख्य दांडीच्या निम्म्या वेगाने फिरायला हवी. खाली दोन फेऱ्या, वर एक. ऑटोच्या इंजिनाला अशी निम्म्या वेगाची दांडी होती, आणि तेव्हापासून चार हिश्शांच्या इंजिनात हा हिशेब कधी बदललेला नाही.

गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्यांना हे लगेच उमगेल. ठायीच्या एका आवर्तनाच्या वेळात दुगुनीची दोन आवर्तने होतात, आणि दोघेही बरोबर समेवर भेटतात. इंजिनाचे तसेच आहे. क्रँक दुगुनीत चालतो, कॅम ठायीत, आणि क्रँकच्या दर दोन फेऱ्यांनी त्यांची सम यायलाच हवी. फरक इतकाच की बैठकीत सम चुकली तर मैफलीचा रंग जातो; इथे सम चुकली तर लोखंड लोखंडावर आदळते.

झडप उघडणारा जो उंचवटा त्याला कॅम म्हणतात, आणि ज्या दांडीवर असे उंचवटे ओळीने असतात ती कॅमशाफ्ट. ही कल्पना ऑटोची नव्हे; ती फार जुनी आहे. तैग्रिस नदीकाठच्या दियारबकरच्या दरबारी अल-जझारी नावाचा एक थोर यंत्रकार होता. १२०६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात पाण्यावर चालणारी नाना यंत्रे वर्णिलेली आहेत आणि त्यांत कॅमचा उपयोग आढळतो. पाणचक्कीच्या दांड्याला खुंट्या बसवून घण उचलायचे आणि सोडायचे, हा प्रकार युरोपातल्या लोहारशाळांतही शतकानुशतके चालत आला होता. गोल फिरण्यातून खालवर उचलण्याची क्रिया काढायची, एवढेच त्याचे मर्म. पण घण एखादा क्षण उशिरा पडला तर काही बिघडत नव्हते. इंजिनात तसे नाही. मिनिटाला तीन हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडायची आणि पंचवीस वेळा मिटायची. इथे क्षण म्हणजे फार मोठी गोष्ट झाली.

सुरुवातीच्या मोटारींत कारागिरांनी ही अडचण अर्धी टाळलीच होती. धुराची झडप ते कॅमने उघडीत. परंतु हवेची झडप बहुधा एका नाजूक स्प्रिंगवर सोडून देत. दट्ट्या खाली आला की ओढ लागून ती आपोआप उघडे. सोपे काम! पण इंजिन सावकाश चाले तोवरच ते साजे. वेग वाढला की या आळशी झडपेला उघडायला आणि मिटायला सवड मिळेना. १९०१ साली डाइमलरच्या कारखान्यात विल्हेल्म मायबाखने जी पस्तीस अश्वशक्तीची पहिली मर्सिडीज गाडी तयार केली, तिच्यात हवेच्या झडपाही कॅमने उघडण्याची सोय होती. हा बदल जगाने उचलला. त्यानंतर इंजिनातली कोणतीच झडप मनास येईल तेव्हा उघडायला मोकळी राहिली नाही. सगळ्यांना घड्याळ लागले.

आता प्रश्न उरला तो हा, की खालच्या दांडीची फेरी वरच्या दांडीपर्यंत न्यायची कशी? इथून आपली खरी कथा सुरू होते.

पहिला उपाय दात्यांच्या चाकांचा. लहान चाक क्रँकवर, त्याच्या दुप्पट दात्यांचे मोठे चाक कॅमवर. दोन्ही एकमेकांत अडकवली की निम्मा वेग आपोआप साधला. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात विकल्या गेलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हीच रचना होती. तिच्या लहान चाकाच्या एका दात्यावर शून्याची खूण असे. मोठ्या चाकावरच्या खुणेपाशी असलेल्या दोन दात्यांच्या मधल्या खाचेत तो दाता बसवायचा. एवढे केले की झाले. खेड्यातल्या लोहारालाही ते जमे. टायमिंगच्या खुणेची ही साधी युक्ती आजही कायम आहे. चाके बदलली, खुणा राहिल्या.

दात्यांची चाके मजबूत, पण बोलकी. त्यांची घरघर बंद करण्यासाठी कारागिरांनी दाते तिरपे कापून पाहिले, एक चाक दाबलेल्या कापडाचे व राळेचे करून पाहिले. दुसरा उपाय साखळीचा. स्वित्झर्लंडहून येऊन मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड याने १८८० साली रोलरची साखळी तयार केली होती. सायकल चालविणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. हीच साखळी पुढे इंजिनात शिरली. कॅमशाफ्ट तोवर खाली, क्रँकच्या शेजारीच असे. त्यामुळे साखळी वीतभर लांबीची पुरे.

पण वेगाची हाव माणसाला स्वस्थ बसू देत नाही. कॅम खाली आणि झडपा वर असल्या तर मध्ये लांबलचक काड्या लागतात. वेग वाढला की त्या काड्यांचे वजन आड येते. मग कॅमच उचलून झडपांच्या डोक्यावर नेऊन ठेवला तर? १९१२ साली फ्रान्समधल्या द्येप गावच्या ग्रांप्री शर्यतीत जॉर्ज ब्वायोने पेजो कंपनीची जी गाडी पहिली आणली, तिच्या माथ्यावर एक नव्हे, दोन कॅमशाफ्ट होते, आणि दर नळकांड्यामागे चार झडपा. दुसऱ्याच वर्षी झ्यूल गू याने अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पेजोच्याच गाडीने जिंकली. आजच्या साध्या गाडीतही हीच मांडणी दिसते, यावरून ती किती दूरदृष्टीची होती हे ध्यानात येईल.

कॅम वर गेला खरा, पण क्रँक खालीच राहिला. दोघांत हातभर अंतर पडले. मुलगी लांबच्या गावी दिली म्हणजे येण्याजाण्याचा खर्च वाढतो, तसे झाले. १९१९ साली लंडनमध्ये मांडलेल्या बेंटलीच्या तीन लिटर गाडीत तिरप्या दात्यांची चाके लावून एक उभी दांडी खालून वर नेली होती. कोणी चाकांची चळत रचली. १९४८ साली आलेल्या जॅग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनात साखळीच दोन टप्प्यांत वर नेली. हे सारे उत्तम चाले. पण ते महाग होते, जड होते, त्याला तेल पाजावे लागे. शर्यतीच्या गाडीला आणि धनिकाच्या गाडीला ते परवडे. शाळामास्तराच्या गाडीला परवडत नव्हते.

यावरचा तोडगा मोटारीच्या कारखान्यात सापडला नाही. तो शिवणयंत्रात सापडला, हीच या कथेतली मौज.

आपल्या घरातले शिवणयंत्र आठवून पहा. वरची सुई खाली येते, आणि खालच्या बॉबिनभोवतीचा आकडा नेमक्या त्याच क्षणी सुईच्या दोऱ्याचा फास पकडतो. एक केसभर मागेपुढे झाले की टाका सुटतो. म्हणजे इथेही वर एक, खाली एक, आणि दोघांची सम! साधा चपटा पट्टा लावला तर तो थोडाथोडा घसरतो आणि सम मोडते. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एल. एच. गिल्मर नावाची पट्टे तयार करणारी कंपनी होती. तिथल्या रिचर्ड केस याने १९४० नंतरच्या दशकात, सिंगर कंपनीच्या शिवणयंत्रांसाठी आतल्या बाजूने दाते असलेला पट्टा तयार केला. पट्ट्यासारखा मऊ, मुका, तेल न मागणारा. आणि चाकासारखा न घसरणारा. अमेरिकेत अनेक दिवस लोक अशा पट्ट्याला ‘गिल्मर बेल्ट’च म्हणत.

शिवणयंत्रातून तो मोटारीत कसा आला? कॅलिफोर्नियात बिल डेव्हिन नावाचा एक खटपट्या गृहस्थ शर्यतीच्या लहान गाड्या बांधीत असे. १९५४ च्या सुमारास त्याने फ्रान्सच्या पानार गाडीच्या दोन नळकांड्यांच्या इंजिनाला नॉर्टन मोटारसायकलची वरच्या कॅमची डोकी बसविली. आता कॅम फिरवायचा कशाने? त्याने कारखान्यातल्या यंत्रांना लावतात तो दात्यांचा पट्टा लावला. जोडतोड करून बनवलेल्या या गाडीने १९५६ साली अमेरिकेतल्या हौशी शर्यतपटूंच्या संस्थेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

शर्यतीची एक गाडी निराळी आणि बाजारात विकायच्या हजारो गाड्या निराळ्या. ते धाडस केले ते एका पेरणीयंत्रे करणाऱ्या घराण्याने. बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंग गावी हान्स ग्लास यांचा कारखाना होता. शेतीची अवजारे, मग १९५१ पासून स्कूटर, मग १९५५ पासून ‘गोगोमोबिल’ नावाची चिमुकली गाडी, असा त्यांचा प्रवास. त्यांनी १९६१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडलेली आणि १९६२ पासून विक्रीस आणलेली ‘ग्लास १००४’ ही दात्यांच्या पट्ट्यावर कॅम फिरविणारी जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली गाडी होय. इंजिन एक लिटरचेही नव्हते, ९९२ घनसेंटिमीटर. मोठमोठ्या कंपन्यांनी तेव्हा नाके मुरडली असतील तर नवल नाही. रबर ते काय, आणि त्यावर इंजिनाचा जीव टांगायचा! १९६६ साली ग्लासचा कारखाना बीएमडब्ल्यू कंपनीने विकत घेतला. पण त्याच १९६६ साली अमेरिकेत पॉन्टिअकचे सहा नळकांड्यांचे इंजिन पट्ट्यावर आले, आणि इटलीत फियाटचे दोन कॅमांचे इंजिनही पट्ट्यावरच आले. घराणे गेले, विद्या राहिली.

फियाटच्या त्या इंजिनाचा कर्ता ऑरेलिओ लांप्रेदी. त्याची पूर्वपीठिका पाहण्यासारखी आहे. १९५२ आणि १९५३ साली आल्बेर्तो आस्कारीने ज्या फेरारी गाडीवर जगज्जेतेपद मिळविले, तिचे चार नळकांड्यांचे इंजिन याच लांप्रेदीचे. तिथे कॅम फिरत होते पोलादी चाकांवर. तोच माणूस सामान्यांच्या गाडीसाठी इंजिन आखायला बसला तेव्हा त्याने रबर निवडले. शर्यतीच्या गाडीत जे शोभते ते संसारी गाडीत परवडेलच असे नाही, हे त्याला नीट ठाऊक होते. दोन कॅमांची चैन अशा रीतीने शाळामास्तराच्या आवाक्यात आली, ती रबराच्या पट्ट्यामुळे.

आपल्याकडे मात्र बराच काळ साखळीचेच राज्य होते. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० व तिचीच पुढची आवृत्ती प्रीमियर पद्मिनी बाहेर पडू लागली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून कायमची उतरली. पद्मिनी काय आणि अँबॅसडर काय, दोघींचे कॅम खालीच, आणि दोघींच्या पोटात साखळी. आपल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या या साखळीवर वाढल्या. साखळी सैल झाली की खडखडते. कान तयार असला की रोग दूरवरून कळतो. तुटण्यापूर्वी ती बहुधा महिनोन् महिने कुरकुरते, भांडते, सांगते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन नळकांड्यांचे इंजिन, कॅम माथ्यावर, आणि तो फिरविणारा रबरी पट्टा. घरोघरच्या गाडीतून हा पट्टा गावोगावच्या गॅरेजात पोचला तो तिच्याबरोबर. आणि आपल्या जुन्या मिस्त्रींना एक नवी गोष्ट शिकावी लागली. पट्टा भांडत नाही. तो मुका आहे. काल होता तसाच आज दिसतो, आणि उद्या एकाएकी तुटतो. म्हणून त्याची मुदत कानाने ठरवायची नसते, वहीतल्या किलोमीटरच्या आकड्याने ठरवायची असते. कंपनीने साठ हजार सांगितले असतील तर साठ हजार. शिवाय काही इंजिनांत दट्ट्या आणि उघडी झडप एकच जागा वेगवेगळ्या वेळी वापरतात. एका खोलीत दोन पाळ्यांचे बिऱ्हाडकरू! वेळापत्रक पाळले तोवर एकमेकांची तोंडेही दिसत नाहीत. पट्टा तुटला किंवा फार चुकला की दोघे दारातच आपटतात, आणि झडप वाकते.

आता त्या एका दात्याचा हिशेब करू. समजा, क्रँकच्या चाकाला २० दाते आहेत आणि कॅमच्या चाकाला ४०. क्रँकची पूर्ण फेरी ३६० अंशांची. म्हणजे एक दाता १८ अंशांचा झाला. कॅम एक दाता मागे बसला तर हवेची झडप दर वेळी १८ अंश उशिरा मिटणार. झडप तशीही दट्ट्या तळाला पोचून परत वर निघाल्यावर जराशाने मिटवतात, कारण वेगाने आत येणाऱ्या हवेला आपली धाव असते. पण त्यात आणखी १८ अंशांची भर पडली की दट्ट्या वर येताना, घेतलेली हवा त्याच उघड्या दाराने परत ढकलून देतो. वेगात हे फारसे जाणवत नाही. इंजिन सावकाश आणि ओझे जड, म्हणजे नेमके घाटात, ते जाणवते. माझी गाडी सपाटीवर नीट चालून चढावर का मेली, याचे उत्तर हे.

आता खंबाटकीच्या पायथ्याशी परत येऊ. मिस्त्रींनी पुढचे आवरण काढले. ‘‘आरं, सतराचा पाना दे,’’ असे पोराला सांगून क्रँक हाताने फिरवला आणि मला वाकून पाहायला लावले. खालच्या चाकाची खूण आपल्या खुणेसमोर आली होती. वरच्या चाकाची एक दाता मागे.

मी म्हणालो, ‘‘पण गॅरेजवाल्याने तर मशीन लावून ठिणगीचं टायमिंग तपासलं होतं.’’

‘‘तिथंच फसला त्यो,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘डिस्ट्रिब्यूटर कॅमवरच फिरतोय न्हवं का? कॅम चुकला की ठिणगी बी चुकती. त्यानं ठिणगी सरकवून बरोबर केली, आन् मूळ दुखणं झाकून टाकलं.’’

मग त्यांनी काम केले ते असे. आधी खालची खूण जुळवली, मग वरची. ताण देणारी फिरकी ढिली करून पट्टा काढला. परत चढविताना खालच्या चाकापासून सुरुवात केली आणि क्रँक ज्या बाजूने कॅमला ओढतो ती बाजू ताठ ठेवली. जी काही ढील उरेल ती फिरकीच्या बाजूला जाऊ दिली. ‘‘ढील हिकडं ऱ्हायली,’’ ताठ बाजूवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘तर खुणा आत्ता जुळल्यात असं दिसतंय, आन् ताण दिला की चाक सरकतंय.’’ शहरातल्या गॅरेजात बहुधा हेच झाले असावे. मग फिरकी सोडून पट्ट्याला ताण दिला.

मला वाटले, झाले काम. मी खिशात हात घातला. मिस्त्री म्हणाले, ‘‘थांबा.’’ त्यांनी परत पाना लावला आणि इंजिन ज्या बाजूने फिरते त्याच बाजूने क्रँक हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवला. एक फेरी, मग दुसरी. मध्ये कुठे अडते का, हे त्यांचा हात पाहत होता. परत खाली खूण, वर खूण. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की पट्ट्यावर छापलेल्या पांढऱ्या रेघा आता भलतीकडेच गेल्या आहेत. मी घाबरून तसे म्हणालो. ते हसले. ‘‘बेल्टावरच्या खुणा बसवतानापुरत्या. नंतर बघायचं ते चाकाकडं.’’

घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिले. समजा, पट्ट्याला १०७ दाते आहेत. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो ४० दाते पुढे सरकतो. चाके आपल्या जागी परत आली तरी पट्टा आलेला नसतो. तिघे पुन्हा मूळच्या जागी भेटायला क्रँकच्या २१४ फेऱ्या लागतात. मिस्त्रींनी हे गणित केले नव्हते. पण त्यांना ते ठाऊक होते.

‘‘या दोन फेऱ्या एवढ्या कशाला?’’ मी विचारले.

पाना पुसता पुसता ते म्हणाले, ‘‘पाच वर्सांमागं एका टॅक्सीवाल्याची गाडी हुती. डिझेल. त्याला सांजच्याला भाडं हुतं, मी घाईत हुतो. म्हटलं, खुना जुळल्यात, आता काय फिरवायचं? चावी मारली. सगळं वॉल वाकलं, सायेब. महिनाभर गाडी हुबी. त्याची पोरं शाळंत जायची त्या गाडीवर. कारभारनीची पाटली गहान टाकून मी हेड नवं घातलं. तवापास्नं हातानं दोन फेऱ्या फिरवल्याबिगर कुनाच्या गाडीला मी चावी लावू दिली न्हाई. हाताला अडलं तर हात थांबतोय. इंजिन थांबत न्हाई.’’

यावर मी काय बोलणार? पैसे दिले, त्यांनी निम्मेच घेतले, कारण पट्टा नवाच होता आणि नवे काही लागले नव्हते. पुढे गाडी सातारच्या चढावर अशी चढली, की आजींनी ‘‘जरा हळू’’ म्हणून दटावले.

वाचकहो, पट्ट्याची कथा इथे संपत नाही. पुढे अनेक कारखाने पुन्हा साखळीकडे वळले. आपल्याकडे २००८ पासून आलेल्या मारुतीच्या नव्या इंजिनांत साखळीच आहे. उलट फोर्डने २०१२ साली बाजारात आणलेल्या एक लिटरच्या इंजिनात पट्टा थेट तेलातच बुडवून चालविला. विजेच्या गाडीला तर झडपाच नाहीत. तिला ना कॅम, ना पट्टा, ना खूण. कदाचित आपल्या नातवंडांना हा सारा खटाटोप पाणचक्कीच्या घणासारखा जुना वाटेल.

पण आज रस्त्यावर इंजिनांच्या गाड्या लाखोंनी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात तो मुका पट्टा फिरतो आहे. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्या गाडीत साखळी आहे की पट्टा, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात आजच पाहून ठेवा. आणि पट्टा असेल तर तो किती किलोमीटरवर बदलला याची नोंद तुमच्या हाताने ठेवा. आणि बदलून घ्याल त्या दिवशी, चावी लावण्यापूर्वी मिस्त्रींना नम्रपणे विचारा : ‘‘हाताने दोन फेऱ्या फिरवून पाहिल्या का?’’ चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही.